मामांच्या खांद्यामागची चिमणी

लग्नात बायकोबरोबर सासू-सासरे मिळतात, मेहुण्या मिळतात, आणि कुणी मागितलेला नसताना एक साडू मिळतो. माझे साडू माझ्याहून वयाने, उंचीने आणि पगाराने मोठे होते. ते बँकेत अधिकारी होते आणि त्यांनी सावेडीला बंगला बांधला होता. तेव्हा सावेडीत बंगले मोजकेच होते, त्यामुळे रिकाम्या माळावर तो लांबूनच दिसायचा. मी भिंगारला लष्कराच्या भांडारात कारकून. दोन खोल्यांचं कौलारू क्वार्टर, मागे तारेचं कुंपण घातलेलं अंगण, आणि अंगणात शेवग्याचं एक झाड. दोघींचे वडील एकच, दोघींना स्वयंपाक एकाच आईने शिकवलेला, आणि तरी एकीच्या वाट्याला बंगला अन् दुसरीच्या वाट्याला शेवगा, हे माझी बायको कधी बोलून दाखवत नसे. ती बोलत नसे म्हणूनच मला जास्त लागायचं.

साडूंकडे स्कूटर होती, पण स्कूटरचं मला फारसं काही वाटत नव्हतं. पोटात दुखायचं ते कॅमेऱ्यामुळे. तो कॅमेरा त्यांनी विकत घेतला नव्हता, रुसून मिळवला होता. पहिल्या दिवाळसणाला ते पाटावर बसले, पानाभोवती रांगोळी, उदबत्ती लावलेली, आणि यांनी हात मांडीवर ठेवून मान खाली घातली. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, काय हवंय?" हे गप्प. मेहुणी हसली, शेजारच्या बायका दारात जमल्या. शेवटी सासऱ्यांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "कॅमेरा." पाडव्याच्या आत कॅमेरा आला. पुढे कितीतरी वर्षं त्या रुसण्याचं कौतुक चाललं होतं.

माझ्या दिवाळसणाला मीही रुसलो होतो. तसाच पाटावर बसलो, तसेच हात मांडीवर ठेवले. पण मी मुळातच कमी बोलणारा. मी रुसलोय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. "धाकटे जावई अगदी शांत आहेत हो," असं म्हणून सासूबाईंनी पानात आणखी एक अनारसा वाढला. थोडा वेळ मी वाट पाहिली, मग भूक लागली होती म्हणून जेवलो. मला पॅंटचं कापड आणि तांब्या-भांडं मिळालं. चांगलं होतं कापड, तक्रार नाही, पण कापडाने फोटो काढता येत नाही.

सासूबाई त्यानंतर वर्षभरात गेल्या. सासऱ्यांना आम्ही दोघेही मामा म्हणायचो. ते महसूल खात्यात सर्कल इन्स्पेक्टर होते आणि निवृत्त होऊन नगरात दोन खोल्या घेऊन एकटे राहत. सगळी नोकरी पंचनामे करण्यात गेलेली. पीक जळालं की नाही, विहिरीला पाणी आहे की नाही, बांध कोणी कोरला, हे स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही, असं ते सांगत, आणि ते खरंही असावं, कारण त्या खात्यात राहूनही त्यांच्याकडे काही साठलेलं नव्हतं. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर म्हणत, अजून पिकला नाही, पिकला की काढू. त्यामुळे आयुष्यभर डोळ्यांवर चाललेला माणूस आता आवाजावर चालत होता. समोर कोण आलंय हे ते चपलांवरून ओळखत.

आणि आता खरी गोष्ट सांगतो. मामा दर रविवारी सावेडीला जेवायला जात आणि माझ्या घरी येत नसत.

यात त्यांचा दुजाभाव नव्हता. आमच्याकडे जुनी रीत आहे की मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं खात नाही, पाणीसुद्धा पीत नाही. थोरलीला मुलगा होता, म्हणून सावेडीचं दार त्यांना मोकळं होतं. आम्हाला लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नव्हतं. मामा भिंगारला आले असते तर त्यांना लेकीच्या हातचा पेला परत करावा लागला असता. तो प्रसंगच येऊ नये म्हणून ते येत नसत. बायको आणि मी मात्र दर रविवारी दुपारी सावेडीला जाऊन, दुसऱ्याच्या घरात, तिच्या वडिलांना भेटायचो. साडू आरामखुर्चीत बसून "मामा, आणखी ताक घ्या" असं म्हणायचे आणि मामा हात पुढे करून ताक घ्यायचे. ताकाच्या त्या भांड्याकडे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला बंगला नको होता. मामांनी एकदा माझ्या घरचं पाणी प्यावं, एवढंच मला हवं होतं.

अशात तो मोठा दुष्काळ आला. लोक गावं सोडून खडी फोडायच्या कामावर गेले होते. भिंगारला पाणी टँकरने यायचं आणि रेशनवर तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की दातांची परीक्षा बघायची. डब्याच्या तळाशी राहिलेली किडकी मिलो बायकोने फेकून दिली नाही. माळ्यावर एक जुनं शिंकं होतं, त्यात मातीचं परळ बसवलं आणि ते शेवग्याच्या खालच्या फांदीला टांगलं. परळात चिमूटभर मिलो टाकायची, आणि खाली विटेवर भांडी विसळलेल्या पाण्याचं दुसरं परळ ठेवायची.

शेजारच्या बाई पाथर्डीकडच्या होत्या. त्यांनी कुंपणावरून बघून विचारलं, "माणसं खडी फोडायला गेली अन् तुमी चिमण्यांना दानं टाकता व्हय?"

"किडके आहेत हो, आपल्याला खाता यायचे नाहीत," बायको म्हणाली.

"मंग टाका. त्यान्लाबी प्वाट हाय," असं म्हणून त्या आत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी मूठभर कोंडा घेऊन आल्या.

चिमण्या हळूहळू यायला लागल्या आणि मग एवढ्या आल्या की शिंकं झोके घ्यायचं. मी कामावर जाण्याआधी ओट्यावर चहा घेत त्यांची भांडणं बघत बसायचो. एकीच्या चोचीत दाणा गेला की दुसरी तिच्या अंगावर धावून जायची. मला त्यांचं पटायचं.

थंडी सरत आली होती. एका सकाळी त्या घोळक्यात मला काहीतरी पांढरं दिसलं. वाटलं, गादीतला कापूस उडून आला. मग त्या कापसाने मान वळवली. मी कपबशी खाली ठेवली आणि बसल्या जागेवरून बायकोला हलकेच हाक मारली. चिमणीच होती ती. आकार चिमणीचा, चालणं-उडणं चिमणीचं, पण अंगभर पांढरी, फक्त एका पंखाच्या टोकाला चहाचा डाग पडावा तसा मळकट रंग. चोच फिकट गुलाबी. बाकीच्या चिमण्या तिला परळावर टिकू देत नव्हत्या. ती फांदीवर बसून राहिली आणि त्या उडाल्यावर खाली येऊन उरलेले दाणे टिपायला लागली. बायको दाराची चौकट धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आपल्याकडे आली."

त्या "आपल्याकडे"ने माझी छाती फुगली. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं की जे सावेडीला नव्हतं.

चिमणी रोज यायला लागली. मला वाटलं होतं की हे कोणाला सांगू नये, आपलं आपल्यापाशी ठेवावं. पण ज्याचा हेवा करायचा त्यालाच कळलं नाही तर आपल्याकडे काही असून उपयोग काय? पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी बंगल्याच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या देखत सांगितलं, "आमच्याकडे रोज एक पांढरी चिमणी येते."

मामा सुपारी कातरत होते. कातरणं थांबवून म्हणाले, "जावईबापू, चिमणीचं घर मेणाचं असतं. चिमणी मेणाची नसते."

सगळे हसले. साडू सगळ्यात जास्त हसले. बायको म्हणाली, "खरंच आहे हो मामा, मी पण पाहिली." तीही माझ्याबरोबर राहून वडिलांना मामाच म्हणायला लागली होती.

"नवऱ्याने पाहिली की बायकोला दिसतेच," मामा म्हणाले. "मला दाखवा, मग बोलू."

ते बोलून गेले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी म्हणालो, "मग या ना बघायला. भिंगारला या."

मामांनी अडकित्ता खाली ठेवला. रीत सगळ्यांना माहीत होती. तेव्हा साडू, ज्यांना प्रत्येक गोष्टीत आपलं नाक खुपसल्याशिवाय जेवण पचत नसे, ते म्हणाले, "बघायला जायला काय हरकत आहे? जेवायचं थोडंच आहे? आणि मामांना एवढंसं पाखरू दिसणार कसं? मी कॅमेरा घेऊन येतो. फोटो काढतो, मोठा करून आणतो, मग मामा भिंग लावून आरामात बघतील."

दात आहेत तिथे चणे नाहीत आणि चणे आहेत तिथे दात नाहीत, म्हणतात ना. चिमणी माझी, आणि ती सासऱ्यांना दिसणार साडूंच्या कॅमेऱ्यातून. पण मामा येणार होते. मी गिळलं आणि हो म्हणालो.

रविवारी सकाळी बायकोने साठवलेल्या पाण्यातून अंगणापुरता सडा टाकला. दुष्काळात सडा म्हणजे चैन होती, पण तिने टाकला आणि छोटी रांगोळीही काढली. मी ऑफिसातल्या एका मित्राकडून हाताची खुर्ची आणून ठेवली. स्कूटर आली. मागे मामा, स्वच्छ धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी. त्यांनी अंगणात पाऊल टाकलं आणि हवेचा वास घेतल्यासारखं करून म्हणाले, "सडा टाकला होय?" बायकोने वाकून नमस्कार केला.

साडूंनी आल्या आल्या हुकूम सोडायला सुरुवात केली. माझी कल्पना होती की फोटो नुसत्या चिमणीचा काढायचा. ते म्हणाले, "नुसत्या चिमणीवर कोणी रीळ घालवतं का? फोटोत माणूस पाहिजे. मामांना बसवू." तेव्हा सगळ्यांचंच असं मत होतं. माणूस नसलेला फोटो म्हणजे वाया गेलेला फोटो. घरात लेकराचा वाढदिवस, लग्न, नाहीतर पिकनिक असेल तरच कॅमेरा कव्हरातून बाहेर निघायचा. मीही मनात म्हटलं, बरंच आहे की, माझ्या अंगणात बसलेले मामा, हे तरी कागदावर येईल.

खुर्ची शेवग्याखाली ठेवली. परळ मामांच्या डाव्या खांद्याच्या मागे, जरा वर येत होतं. आम्ही ओट्यावर जाऊन बसलो आणि साडू भिंतीला पाठ लावून कॅमेरा पोटाशी धरून उभे राहिले. चिमण्या माणसांना बघून पळाल्या होत्या. बराच वेळ कोणी येईना. ऊन चढायला लागलं. मामा कोट घालून पुतळ्यासारखे बसले होते आणि अधूनमधून ओठांवरून जीभ फिरवत होते. बायको दोनदा उठून आत गेली आणि दोनदा रिकाम्या हाताने बाहेर आली.

मग एकेक करून चिमण्या आल्या. शिंकं हलायला लागलं. सगळ्यात शेवटी, बाकीच्या वरच्या फांद्यांवर पांगल्यावर, पांढरी उतरली आणि परळाच्या काठावर बसली. मी साडूंना हात केला. त्यांनी मान डोलावली. त्यांनीही तिला पाहिलं. तोंड उघडं राहिलं होतं त्यांचं, ते मी पोटभर बघून घेतलं.

"आली का?" मामांनी कुजबुजत विचारलं.

"आली. तुमच्या डाव्या खांद्यामागे."

मामा मान वळवू लागले.

"हलू नका मामा, अजिबात हलू नका," साडू म्हणाले.

मामा समोर बघत राहिले. खटका वाजला. त्या आवाजाने सगळा घोळका उडाला. मामांनी मग मान वळवून रिकाम्या शिंक्याकडे बराच वेळ पाहिलं. भरलेलं असतं तरी त्यांना काय दिसलं असतं कोण जाणे.

"आणखी एक काढा," मी म्हणालो.

"एक बास. रीळ पुरवायचं आहे," साडू कॅमेऱ्याचं कव्हर लावत म्हणाले. मग त्यांनी घड्याळ बघितलं. "चला मामा, घसा कोरडा पडला असेल. सावेडीला जाऊन मस्त चहा घेऊ."

मामा उठले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्कूटरवर बसले. स्कूटर गेल्यावर बायको खुर्ची उचलायला गेली आणि ती न उचलता तिच्यावरच बसली. साडूंनी चहाचं नाव काढलं नसतं तर चाललं नसतं का? त्या माणसाचा मला त्या दिवशी इतका राग आला की संध्याकाळपर्यंत मी कोणाशी बोललो नाही. अर्थात तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

रीळ संपायला आणखी बरेच आठवडे गेले. साडू एकेक फोटो जपून काढत होते, आणि मी दर रविवारी रीळ संपलं का म्हणून विचारत होतो. मधल्या काळात पांढरी चिमणी यायची बंद झाली. शिक्र्याने नेली असेल, मांजराने खाल्ली असेल किंवा दुसरीकडे पाणी मिळालं असेल. मला काळजी वाटली नाही. ती कॅमेऱ्यात होती.

शेवटी रीळ स्टुडिओत गेलं. साडूंनी सांगून ठेवलं, वडीलधाऱ्यांचा फोटो आहे, मोठा करा, नीट टचिंग करा, पैशाकडे बघू नका. एका रविवारी सगळ्यांच्या समोर त्यांनी पाकीट आणलं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वरून पातळ जाळीदार कागद टाकलेला फोटो. त्यांनी तो कागद एखाद्या समारंभातला पडदा सारावा तसा उचलला.

फोटो अप्रतिम होता. हेव्याच्या पोटी खोटं बोलणार नाही. कोटाचं बटण न् बटण दिसत होतं. चेहऱ्यावर शेवग्याच्या पानांतून आलेलं ऊन, आणि नजर अशी की या माणसाला मोतीबिंदू आहे हे सांगून पटलं नसतं. खांद्यामागे शिंकं होतं, परळ होतं. परळाच्या काठावर काही नव्हतं.

मामांनी भिंग डोळ्याला लावून फोटो नाकाजवळ धरला आणि इंच न् इंच बघितला. जमिनीचा नकाशा बघावा तसा. मग भिंग खाली ठेवून शांतपणे विचारलं, "चिमणी कुठाय?"

मी फोटो हिसकावूनच घेतला. बायकोने पाहिला, साडूंनी पाहिला. नव्हती. साडू म्हणाले, "असं कसं होईल? मी स्वतः पाहिली." आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघे एका स्कूटरवर बसून एका कामासाठी निघालो.

स्टुडिओवाला आतल्या खोलीत होता. पाठीमागून दिवा लावलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, अणकुचीदार पेन्सिलीने एका नवरीच्या गालावरच्या पुटकुळ्या भरत होता. आम्ही फोटो पुढे केला तेव्हा त्याला वाटलं, शाबासकी द्यायला आलेत.

"झ्याक आलाय ना? लई मेहनत घेतली सायब. सुरकुत्या कमी केल्या. अन् खांद्यामागं यक काळा ठिपका हुता निगेटिव्हवर, त्यो बी काढून टाकला."

"काढून टाकला म्हणजे?" साडूंनी विचारलं.

"पात्यानं खरवडला. बघा, पत्ता बी लागायचा न्हाई."

निगेटिव्हवर पांढऱ्याचं काळं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने आमच्या डोळ्यांदेखत निगेटिव्ह दिव्यासमोर धरलं. मामांच्या खांद्यामागे बारीक ओरखडे होते, आणि ओरखड्यांच्या आत काहीच नव्हतं.

"अहो, तो डाग नव्हता. चिमणी होती," मी म्हणालो.

त्याने एकदा निगेटिव्हकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "चिमणीचा रंग असा येत न्हाई सायब. चिमण्या म्या लई पाहिल्यात. पांढरं असलं तरच हे काळं कुळकुळीत येतं." साडू पैसे परत मागतायत की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. आम्ही परत फिरलो.

बंगल्यावर मामा अजून व्हरांड्यातच बसले होते. साडूंनी सगळं सांगितलं, काळा ठिपका, पातं, ओरखडे. मामा ऐकत होते आणि त्यांच्या मिशीखाली हसू वाढत होतं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "साडू-साडू एक झालात की. चांगलं आहे."

"मामा, शपथ घेऊन सांगतो," मी म्हणालो.

"बसा इथं." त्यांनी चाचपडून माझा हात धरला आणि मला शेजारी बसवलं. बाकीचे आत गेले होते. ते हळू आवाजात बोलले. "जावईबापू, मी नोकरीभर खोटे साक्षीदार पाहिले. कोणी जमिनीसाठी खोटं बोलायचा, कोणी पाण्यासाठी. म्हातारा सासरा अंगणात येऊन बसावा म्हणून कोणी खोटं बोललेला मी पाहिला नव्हता. अहो, चिमणी कशाला रचायची? नुसतं या म्हणाला असतात तरी मी आलो असतो."

"रचली नाही मामा. होती. खरोखरच होती."

"असू द्या, असू द्या." ते माझा हात थोपटत राहिले. मी जितकं जोर देऊन सांगावं तितकं ते जास्त खुश होत होते. त्यांचे ते अर्धवट दिसणारे डोळे पाण्याने भरले होते. एवढ्या वर्षांत त्यांनी माझा हात कधी हातात घेतला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी भिंगारला आमच्या दारात टांगा थांबला. मामा एकटे आले होते. कोणाला न सांगता, काठीने वाट चाचपत ते सरळ मागच्या अंगणात गेले आणि म्हणाले, "त्या दिवशीची खुर्ची कुठाय?" ती मित्राची होती, परत गेली होती. मी घरातली लोखंडी खुर्ची आणली. ते शेवग्याखाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, पाणी आण."

बायको जागची हलली नाही. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मामा, रीत..." ती म्हणाली.

"रीत घालून दिली तेव्हा असले जावई नव्हते. आण."

तिने दिवाळसणात मिळालेल्या त्याच तांब्या-भांड्यातून पाणी आणलं. देताना थोडं पाणी मामांच्या धोतरावर सांडलं. भांडं दोन्ही हातांनी धरून ते शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्याले. ती पदर तोंडाला लावून आत पळाली. मला जे हवं होतं ते माझ्यासमोर घडलं होतं. टँकरचं, गढूळ, तुरटी फिरवलेलं पाणी.

त्यानंतर मामा एक रविवार सावेडीला आणि एक रविवार आमच्याकडे येऊ लागले, आणि पुढे पुढे आमच्याकडेच जास्त. साडू मला एकदा म्हणाले, "फोटो मी काढला आणि सासरे तुमचे झाले." आवाज हसरा होता, पण नाकाला मिरच्या झोंबलेल्या दिसत होत्या. एके काळी ते ऐकून मी गावभर पेढे वाटले असते. नातेवाइकांत मामा ती गोष्ट रंगवून सांगायचे. लग्नाकार्यात मी दिसलो की कोणीतरी म्हणायचं, "हे ते, सासऱ्याला बोलवायला पांढरी चिमणी रचणारे." लोक कौतुकाने बघायचे. बायको पहिल्यांदा "अहो, ती खरी होती" म्हणायची, मग तिने ते सोडून दिलं. मला म्हणाली, "जाऊ द्या ना. त्यांना किती बरं वाटतंय."

यथावकाश मोतीबिंदू पिकला आणि ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला. पट्टी काढल्यावर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा अंगणात चिमण्यांचा धुडगूस चालला होता. मामांनी खुर्ची परळाच्या जवळ ओढून घेतली आणि एकेकीला निरखून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून, चष्म्यामागे मोठे झालेले डोळे मिचकावून म्हणाले, "सगळ्या मातकट आहेत हो, जावईबापू." आणि खो-खो हसले.

मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. साडूंचा हेवा करणं त्याच्याही आधी संपलं होतं. एकदा पाणी मिळाल्यावर ताकाचं काय घेऊन बसायचं? पण हेवा मात्र गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. मामांचा ज्या जावयावर एवढा जीव होता तो फार हुशार, फार मायाळू माणूस होता. सासऱ्यासाठी त्याने शून्यातून एक चिमणी उभी केली होती. मला तसं काही सुचलं नव्हतं, सुचलंही नसतं. मी फक्त समोर दिसलं ते सांगितलं होतं, आणि तेही त्यांनी मानलं नव्हतं. ते माझ्याच अंगणात बसायचे, माझ्याच घरचं पाणी प्यायचे, आणि माझ्याकडे बघून त्याच्याशी बोलायचे.